तातीच्या तारांवरचा चेलो: हायडन, बोकेरिनी ऐकायला कुठून आणि कशी सुरुवात करायची

परवा एका मित्राने विचारलं, "तू ते जुन्या वाद्यांवरचं चेलोचं काय ऐकत असतोस रे, मला पण सांग ना कुठून सुरू करू", आणि मी व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करायला बसलो ते पाऊण तास झाला तरी संपेना. तेव्हा म्हटलं सरळ नीट लिहूनच काढू, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं तर लिंक टाकून मोकळा. मी संगीतातला जाणकार वगैरे अजिबात नाही, घरात लहानपणापासून पेटी आणि तानपुरा ऐकत वाढलेला माणूस, आणि पाश्चात्त्य क्लासिकल तिशीनंतर आपलं आपण चाचपडत शिकलेला. त्यामुळे जे घोळ शक्य होते ते सगळे घालून झालेत.

आधी शब्दाचं बघू, कारण "पीरियड" म्हटलं की आपल्याला शाळेचा तास आठवतो. पीरियड इन्स्ट्रुमेंट म्हणजे ज्या काळात ती रचना लिहिली त्या काळात वाद्य जसं होतं तसं वाद्य. ते खरोखर तेव्हाचं असू शकतं किंवा आज तसंच बनवलेलं. चेलो म्हणजे बसून वाजवायचं, खालच्या आवाजाचं मोठं व्हायोलिन म्हणा, त्याच्या बाबतीत मुख्य फरक चार. तारा स्टीलच्या नाहीत, आतड्याच्या, म्हणजे आपल्या सारंगीला असते ती तात (खालच्या जाड तारांवर धातूची बारीक तार गुंडाळलेली असते). वाद्याच्या बुडाला जमिनीत रोवायची ती टोकदार दांडी नाही, वादक चेलो दोन पोटऱ्यांमध्ये धरतो, ती दांडी सर्रास वापरात आली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गज जुन्या घडणीचा, कारण आजचा आतल्या बाजूला वाकलेला गज पॅरिसच्या तूर्त नावाच्या कारागिराने १७८५ च्या सुमारास पक्का केला. आणि चौथं म्हणजे सूर लावायची पट्टी खाली, त्यावर पुढे बरंच लिहिणार आहे कारण माझा सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच झाला होता.

नवीन माणसासाठी हा विषय सोयीचा आहे कारण तो छोटा आहे. क्लासिकल काळातले, म्हणजे ढोबळमानाने १७५० ते १८०० मधले, आजही नेहमी वाजणारे चेलो कॉन्चेर्टो (म्हणजे एक मुख्य वाद्य आणि साथीला ऑर्केस्ट्रा अशी रचना) मोजकेच. हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराचे दोन, कार्ल फिलिप इमान्युएल बाख (मोठ्या बाखचा मुलगा, पुढे याला मी सीपीई म्हणणार) त्याचे तीन, आणि बोकेरिनीचे डझनभर. मोझार्टचा आज आपल्या हातात एकही नाही. महिनाभर रोज अर्धा तास दिलात तरी सगळा परिसर फिरून होतो, व्हायोलिन किंवा पियानोच्या बाबतीत हे म्हणता यायचं नाही.

आधी हे जमवून ठेवा

- वायरवाले बरे हेडफोन. महागडे नकोत पण फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. चेलोची सगळ्यात खालची तार साधारण ६५ हर्ट्झला असते, फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, मग तुम्ही जे ऐकता तो अर्धा चेलो.
- तानपुऱ्याचं ॲप, ज्यात पट्टी बदलता येते आणि बारीक ट्यूनिंग सेंटमध्ये (पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये शंभर सेंट) खालीवर करता येतं. हे हसण्यावारी नेऊ नका, हेच आपलं मुख्य हत्यार आहे.
- कुठलंही एक स्ट्रीमिंग अकाउंट. यूट्यूबवर पण बहुतेक सगळं मिळतं.
- इम्स्लप (IMSLP) नावाच्या साइटवरून फुकट स्कोअरची, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या लिहिलेल्या नोटेशनची, पीडीएफ. नोटेशन वाचता येत नसेल तरी चालेल, कोण कधी वाजवतंय एवढं बोट ठेवून कळतं.
- वही. कुठली रेकॉर्डिंग, कोण वादक, कोणता ऑर्केस्ट्रा, काय वाटलं. मी पहिले सहा महिने लिहिलं नाही आणि एकच रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या कव्हरखाली दोनदा "नवीन" म्हणून ऐकली.

१. एकच रचना धरा: हायडनचा सी मेजर

दहा गोष्टी एकदम सुरू करू नका. हायडनचा सी मेजर (ही रचनेची पट्टी, सी म्हणजे पांढरी एक) कॉन्चेर्टो घ्या, हायडनच्या रचनांच्या होबोकेन नावाच्या कॅटलॉगमध्ये तो सात-बी एक. साधारण पंचवीस मिनिटं, तीन भाग.

याची गोष्टच अशी आहे की ऐकावंसं वाटतं. हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या नोकरीला लागला आणि तिथल्या योझेफ वाइगल या चेलोवादकासाठी त्याने हा १७६० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत लिहिला. मग तो हरवला. हायडनच्या स्वतःच्या रचनांच्या यादीत त्याची सुरुवातीची ओळ तेवढी लिहिलेली होती, बाकी काही नाही, म्हणजे आपल्याकडे एखाद्या बंदिशीचा मुखडा वहीत सापडावा आणि अंतरा कोणालाच ठाऊक नसावा तसं. १९६१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात ओल्डरिख पुल्केर्ट या अभ्यासकाला जुन्या हस्तलिखितांत त्याचे वादकांचे सुटे कागद मिळाले, ती सुरुवातीची ओळ जुळली, आणि मे १९६२ मध्ये मिलोश साड्लोने प्रागमध्ये तो वाजवला, ऑर्केस्ट्रा चार्ल्स मॅकेरासच्या हाताखाली. म्हणजे आज प्रत्येक चेलो शिकणारा जो वाजवतो तो कॉन्चेर्टो आपल्या आईवडिलांच्या लहानपणी जगाला माहीतच नव्हता.

यातून ऐकण्याच्या दृष्टीने एक फायदा होतो. सी मेजरवर एकोणिसाव्या शतकाचे हात फिरलेले नाहीत. कोणी त्याला "सुधारला" नाही. म्हणून वादक बदलला, वाद्य बदललं की नेमकं काय बदललं ते स्वच्छ कळतं.

२. आधी नेहमीच्या वाद्यावरची रेकॉर्डिंग ऐका

काही लोक थेट जुन्या वाद्यांवर उडी मारायला सांगतात, मला ते पटत नाही. आधी कान एका जागी बसू द्या. चेलोवादक जॅकलीन द्यू प्रेची १९६७ ची, बारेनबॉइम आणि इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबरची, किंवा रोस्त्रोपोविचची अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सबरोबरची. दोन्हीपैकी एक घ्या, आठवडाभर तीच, धुणी वाळत घालताना, लोकलमध्ये, कुठेही. तोंडपाठ झाली पाहिजे. पहिल्या भागाची चाल गुणगुणता यायला लागली की पुढच्या पायरीला या.

एक गोष्ट तेवढी कानाआड करू नका. पहिल्या भागाच्या शेवटी ऑर्केस्ट्रा थांबते आणि चेलो एकटाच वाजतो, त्याला कडेन्झा म्हणतात. हायडनच्या काळी वादक तो स्वतः रचायचा, बऱ्याचदा जागेवरच, आपल्या गवयाने समेआधी घेतलेल्या तानेसारखा. रोस्त्रोपोविचसाठी बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने १९६४ मध्ये या कॉन्चेर्टोचे कडेन्झा लिहून दिले, ते ऐकलेत तर तिथे एकदम विसावं शतक दार उघडून आत येतं. वाईट नाहीत, पण हायडनही नाहीत. जुन्या वाद्यांवरचे वादक बहुतेक आपले स्वतःचे छोटे, त्या काळाला धरून असलेले कडेन्झा वाजवतात, म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये हा तुकडा वेगळा असतो आणि तुलना करायला हीच जागा सगळ्यात सोपी.

३. आता तानपुरा काढा

इथे माझी फजिती सांगतो. मी पहिली जुन्या वाद्यांवरची रेकॉर्डिंग लावली आणि मला खात्रीच वाटली की फाइल बिघडलीय, आवाज खाली उतरलेला, जणू जुना कॅसेट प्लेअर सेल संपत आल्यावर वाजतोय. दुसऱ्या साइटवरून लावली, तेच. मग तिसऱ्या. शेवटी आमच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं की हे आज खालच्या पट्टीत का लावलंयस. तिला हायडन कोण ते ठाऊक नाही पण पट्टी बरोबर कळली.

तर प्रकार असा. आज जगभर ए हा सूर ४४० हर्ट्झला लावतात. अठराव्या शतकात गावोगावी वेगळं होतं, आणि आजच्या जुन्या वाद्यांवाल्यांनी आपसात सोयीचे दोन आकडे ठरवून घेतलेत. बरोक, म्हणजे क्लासिकलच्या आधीच्या काळातल्या, संगीताला ४१५, हायडन-मोझार्टच्या काळाला ४३०. आता हे पेटीच्या भाषेत बघा. पेटीवर ए म्हणजे पांढरी सहा, आणि ४१५ म्हणजे त्याच्या शेजारची काळी चार. बरोब्बर एक पट्टी, म्हणजे अर्धा स्वर, खाली. ४३० मात्र दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडतो, ४४० पेक्षा साधारण ४० सेंट खाली, पेटीवर तो सूरच नाही.

करून बघायची पद्धत: सी मेजर आहे म्हणजे सा धरा पांढरी एक. तानपुरा पांढरी एकला लावा आणि रेकॉर्डिंगच्या अगदी शेवटी जो ठाम सूर येतो त्याच्याशी जुळवा. द्यू प्रे किंवा रोस्त्रोपोविचबरोबर जवळपास चिकटेल. जुन्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगबरोबर घासल्यासारखा आवाज येईल, मग बारीक ट्यूनिंग खाली खाली न्या. ४० च्या आसपास जुळलं तर समजा ४३०. पार १०० सेंट उतरावं लागलं, म्हणजे पांढरी सातलाच जाऊन बसलं, तर ४१५. ही दोन मिनिटांची चाचणी मी आता प्रत्येक नव्या रेकॉर्डिंगवर करतो. कव्हरवर काहीही लिहिलेलं असो, पट्टी खोटं बोलत नाही.

उलटं मात्र खरं धरू नका. ४४० ला लागलं म्हणजे जुनी वाद्यं नक्कीच नाहीत असं नसतं, अपवाद असतात. अंदाज म्हणून ठेवा.

४. जुन्या वाद्यांवर तीच रचना, तीन वेळा

आता यातली कुठलीही एक निवडा (आधी चेलोवादक, मग ऑर्केस्ट्रा, आणि तिसरं नाव असेल तर ते संचालकाचं):

- क्रिस्तोफ क्वँ, अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक, क्रिस्टोफर हॉगवुड. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची, या वाटेवरच्या पहिल्या महत्त्वाच्या रेकॉर्डिंगपैकी. थोडी अंग चोरून वाजवल्यासारखी वाटते मला, पण स्वच्छ.
- ॲनर बिल्स्मा, टोरंटोचा टाफेलम्युझिक. माझी लाडकी.
- हिदेमी सुझुकी, ला पेतीत बांद, सिगिस्वाल्ड कौकेन. हा बिल्स्माचाच जपानी शिष्य, पण स्वभाव फार वेगळा, शांत.
- ज्याँ-गिएन केरास, फ्रायबुर्ग बरोक ऑर्केस्ट्रा. २००४ ची. नवीन माणसाला मी हीच सुचवतो, कारण रेकॉर्डिंगचा दर्जा उत्तम आणि वाजवणं चपळ. गंमत म्हणजे केरास त्याआधी दहा वर्षं बूलेझच्या अँसांब्ल अँतेरकाँताँपोरेंमध्ये अगदी आधुनिक संगीत वाजवत होता, तिथून तातीच्या तारांकडे आलेला माणूस.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा बहुधा आवडणार नाही, आवाज कोरडा, बारका वाटेल, "हे तर क्लासमधल्या मुलासारखं वाजतंय" असं वाटेल. थांबा. आठवड्यात तीनदा ऐका आणि मग ठरवा. आणि ऐकताना सगळं एकदम ऐकायला जाऊ नका, या जागा धरा.

पहिली जागा, दुसऱ्या भागाची सुरुवात, आडाजिओ, म्हणजे संथ. ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) आणि हॉर्न (पितळी फुंकवाद्य) गप्प, फक्त तंतुवाद्यं. ऑर्केस्ट्रा चाल एकदा सांगून घेते, आणि ती चाल पुन्हा सुरू होताना चेलो आत येतो तो चाल न वाजवता फक्त एक लांब सूर धरून. वरती व्हायोलिन चाल वाजवतायत, खाली हा नुसता सूर लावून उभा. दोन मापं (तालाचे छोटे तुकडे) गेल्यावर मग तो चालीकडे वळतो. आपल्या कानाला ही जागा लगेच ओळखीची वाटते, गवई मैफिलीच्या सुरुवातीला सा लावतो आणि सगळी बैठक गप्प होते ना, तसं. आता द्यू प्रे किंवा रोस्त्रोपोविचमध्ये हा सूर ऐका, तो पहिल्यापासून थरथरत असतो, व्हायब्रेटो चालू. तातीच्या तारेवर वाजवणारे बहुतेक तो सरळ, सपाट सुरू करतात, गज टेकताना अगदी बारीक खर्र असा आवाज येतो, मग सूर हळूहळू फुगतो आणि अगदी शेवटी थोडासा हलतो किंवा हलतच नाही. ती खर्र चूक वाटली होती मला. सारंगी जवळून ऐकली असेल तर तुम्हाला नाही वाटणार. हायडनने हीच युक्ती तिसऱ्या भागात परत वापरलीय, तिथेही चेलो लांब सूर घेऊनच येतो, फक्त भोवती पळापळ चालू असते.

दुसरी जागा हॉर्नची. त्या काळच्या हॉर्नला वॉल्व्ह नव्हते, नुसती गुंडाळलेली नळी आणि वादकाचे ओठ. पहिल्या भागात ऑर्केस्ट्रा जोरात असते तिथे हॉर्न किंचित उघडे, रानटी ऐकू येतात, आजच्या हॉर्नसारखे मखमली नाहीत. एस्टरहाझीच्या दरबारात तेव्हा वादक असायचे पंधराएक, म्हणजे एका बऱ्या ढोलताशा पथकाच्या पाव भागाएवढे. त्यामुळे दोन हॉर्न म्हणजे मोठी गोष्ट.

तिसरी जागा ऐकायला अवघड आहे पण एकदा सापडली की मजा येते. ऑर्केस्ट्रा सगळी मिळून वाजवते तेव्हा मुख्य चेलोवादक काय करतो? आजच्या पद्धतीत तो गुडघ्यावर हात ठेवून बसतो. जुन्या पद्धतीत तो बाकीच्या खालच्या वाद्यांबरोबर वाजवत राहतो, आणि त्याची पाळी आली की त्यातूनच वर येतो. हेडफोनवर नीट ऐकलं तर बऱ्याच जुन्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये हे कळतं. पाहुणा गायक आणि कोरस असा भाग न राहता घरातलाच एक जण उठून गायल्यासारखं वाटतं.

५. मग डी मेजर, पण इथे खड्डा आहे

हायडनचा दुसरा, १७८३ चा, अंतोनिन क्राफ्ट या वादकासाठी लिहिलेला. हा लांब, मवाळ आणि वाजवायला महाकठीण. बराच काळ लोक म्हणायचे की हा हायडनचा नाहीच, क्राफ्टनेच लिहिलाय. १९५० च्या दशकात हायडनच्या हस्ताक्षरातली प्रत समोर आली आणि वाद मिटला.

खड्डा असा की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गेवार्ट नावाच्या बेल्जियन संगीतकाराने याची ऑर्केस्ट्रा भरगच्च करून एक आवृत्ती काढली आणि कित्येक दशकं तीच जगभर वाजत राहिली. म्हणून जुन्या काळच्या दिग्गजांच्या रेकॉर्डिंगमध्ये जास्तीची वाद्यं ऐकू आली तर गडबडू नका, ते वादकाचं नाही, छापील प्रतीचं काम आहे. मूळ मांडणीत दोन ओबो, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं एवढंच.

वर दिलेल्या चारही वादकांच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही कॉन्चेर्टो आहेत, वेगळी शोधाशोध नको. बिल्स्माच्या सीडीवर वर क्राफ्टचा स्वतःचा सी मेजर पण आहे, म्हणजे ज्याच्यासाठी लिहिलं त्याचं पण ऐकून घ्या, हायडनची उंची लगेच कळते (क्राफ्टवर अन्याय करायचा नाही, पण कळते). केरासच्या सीडीवर मॉन नावाच्या व्हिएन्नाच्या संगीतकाराचा जी मायनर आहे, तो चुकवू नका.

६. बोकेरिनी: दोन वेगवेगळे बी फ्लॅट

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, मी तर फसलोच.

लुइजी बोकेरिनी, जन्म १७४३ लुक्का, मृत्यू १८०५ माद्रिद. स्वतः जबरदस्त चेलोवादक, व्हायोलिनच्या उंचीचे सूर चेलोवर काढायचा. त्याचा बी फ्लॅट मेजर प्रसिद्ध आहे, कॅटलॉगमध्ये जी ४८२. मी द्यू प्रेची रेकॉर्डिंग ऐकून ऐकून पाठ केली होती आणि एका रविवारी इम्स्लपवरून मूळ स्कोअर उतरवून समोर ठेवला. पहिला भाग थोडासा जुळतोय थोडासा नाही, आणि दुसरा भाग सुरू झाला तर काहीच्या काहीच, कागदावर एक, कानात दुसरंच. मी पीडीएफ तीनदा डाउनलोड केली. पानं गहाळ असतील म्हणून मोजली पण.

खरं कारण, १८९५ मध्ये फ्रीडरिख ग्र्युट्झमाखर या जर्मन चेलोवादकाने बोकेरिनीच्या वेगवेगळ्या कॉन्चेर्टोंचे तुकडे जोडून एक "बी फ्लॅट कॉन्चेर्टो" तयार केला, मधला संथ भाग चक्क जी मेजरच्या, कॅटलॉगमधल्या जी ४८० या, कॉन्चेर्टोतून उचलला, आणि वर स्वतःची भर घातली. द्यू प्रेने वाजवलाय तो हा. सुंदर आहे, मला अजूनही आवडतो, पण तो दोन माणसांचा आहे. मूळ जी ४८२ मध्ये मधला भाग आहे आन्दान्तिनो ग्रात्सिओसो, आणि सगळाच पोत हलका.

ओळखायचं कसं, तर ट्रॅकलिस्ट बघा. दुसऱ्या भागाचं नाव "आन्दान्तिनो ग्रात्सिओसो" असेल तर मूळ. "आडाजिओ नॉन त्रोप्पो" असेल तर ग्र्युट्झमाखर. बास, एवढंच लक्षात ठेवा.

मूळ बोकेरिनीसाठी परत बिल्स्मा आणि टाफेलम्युझिक. जिथे चेलो उंच चढतो तिथे लक्ष द्या, बोकेरिनी खालची साथ काढून टाकतो आणि कधीकधी नुसती व्हायोलिनं मागे ठेवतो, त्यामुळे चेलो व्हायोलिनच्याही वर तरंगतो. तातीच्या तारेवर या उंचीला आवाज बासरीच्या जवळ जातो, स्टीलवर तो चिरका होतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी जुन्या वाद्यांचा पक्ष घेईन, बाकी सगळीकडे वाद घालायला तयार आहे.

७. सीपीई बाख, जरा मूड बघून

हे तिन्ही कॉन्चेर्टो १७५० ते १७५३ मधले, तेव्हा तो प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या नोकरीत होता. ए मायनर, बी फ्लॅट, ए मेजर. तिघांच्या हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) आणि बासरीच्या पण आवृत्त्या आहेत त्याच्याच हातच्या, म्हणून सर्च करताना बासरीवालं हाताला लागलं तर घाबरू नका, चूक नाही ती.

हायडनची सवय झाल्यावर हा माणूस विक्षिप्त वाटतो, वाक्य अर्धं सोडतो, एकदम ओरडतो, मग गप्प. ए मेजरचा मधला भाग ऐका, सगळ्या तंतुवाद्यांवर म्यूट (आवाज दबवणारे चिमटे) लावलेले, वर लिहिलेलं "मेस्तो", म्हणजे खिन्न. मी तो पहिल्यांदा रात्री साडेअकराला ऐकला आणि त्यानंतर दुसरं काही लावलंच नाही. रेकॉर्डिंग: बिल्स्मा, ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एनलाइटनमेंट, गुस्ताव लेओनहार्ट. किंवा हिदेमी सुझुकी, बाख कॉलेजियम जपानबरोबर. इथे तानपुरा लावून पट्टी तपासा, ४१५ की आणखी काही ते तुम्हीच शोधा.

८. कव्हर वाचायला शिका

खरेदी करताना किंवा शोधताना हे शब्द बघा. इंग्रजी लेबलवर "ऑन पीरियड इन्स्ट्रुमेंट्स", जर्मनवर "आउफ ओरिगिनालइन्स्ट्रुमेंटेन", फ्रेंचवर "सुर अँस्त्रुमाँ देपोक". हे असेल तर जुनी वाद्यं.

"हिस्टॉरिकली इन्फॉर्म्ड" हा शब्द मात्र चकवा देतो. त्याचा अर्थ वाजवण्याची पद्धत जुनी, वाद्यं आजचीच असू शकतात. उदाहरणार्थ स्टीव्हन इसरलिस, तो वर्षानुवर्षं तातीच्याच तारा वापरतो पण हायडन त्याने रेकॉर्ड केलाय चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप आणि नंतर ब्रेमेनच्या डॉइच कामरफिलहार्मनीबरोबर, आणि या ऑर्केस्ट्रा मुळात आजच्या वाद्यांवरच्या. मधली वाट म्हणा. ऐका जरूर, पण वहीत वेगळ्या रकान्यात लिहा.

आणि चित्राला भुलू नका. मी एका ऑनलाइन सेकंडहँड विक्रेत्याकडून सीडी मागवली कारण कव्हरवर विग घातलेली मंडळी, मेणबत्त्या, दरबार. पोस्टेज धरून बरेच पैसे गेले. आली तर आजचा फुल साइझ ऑर्केस्ट्रा, आणि तिसरा कॉन्चेर्टो होता "हायडन, सी मेजर, क्रमांक पाच", जो डेव्हिड पॉपर या एकोणिसाव्या शतकातल्या चेलोवादकाचा उद्योग आहे. म्हणून हायडनच्या बाबतीत नियम सोपा, होबोकेन सात-बी एक आणि सात-बी दोन, बाकी आकडा दिसला की थांबा. सात-बी चारसुद्धा त्याचा नाही.

असेच आणखी दोन भामटे. "योहान ख्रिस्टियान बाख, सी मायनर" म्हणून जो चेलोवर वाजतो तो आँरी काझादसु याने विसाव्या शतकात लिहिलाय, मुळात व्हायोलासाठी. आणि "विवाल्डी, ई मायनर कॉन्चेर्टो" हा खरं तर विवाल्डीचा सोनाटा आहे, मागे ऑर्केस्ट्रा नंतर लोकांनी जोडलीय.

९. स्ट्रीमिंगवरच्या कटकटी

शफल बंद करा. हसू नका, मी दोन दिवस हायडनचा तिसरा भाग आधी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो काय धाडसी सुरुवात आहे.

आवाज समान करणारं सेटिंग असतं, ते पण बंद, नाहीतर तातीच्या तारेचा हळू आवाज आणि मोठा आवाज यातला फरकच मरतो.

सर्च करताना रचनेचं नाव टाकलंत तर पाचशे निकाल येतील. वादकाचं आडनाव, ऑर्केस्ट्रा आणि संगीतकार असं तिन्ही टाका, रोमन लिपीत, स्पेलिंग नीट. केरासचं स्पेलिंग उच्चाराशी काडीचं जुळत नाही, कुठूनतरी कॉपी-पेस्ट करा. रेकॉर्डिंगच्या वर्षावर विश्वास ठेवू नका, तिथे बऱ्याचदा पुन्हा बाजारात आणल्याचं वर्ष असतं, १९८० च्या दशकातली गोष्ट २०१२ ची म्हणून दिसते.

आणि सीडीबरोबरची पुस्तिका मिळवा. काही कंपन्यांच्या साइटवर तिची पीडीएफ फुकट असते. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात चेलो कोणी कधी बनवला, गज कोणाचा, पट्टी किती हर्ट्झ, हे दिलेलं असतं. आधी तानपुऱ्यावर स्वतः जुळवून आकडा वहीत लिहा, मग ते पान उघडा. माझे पहिले तीन चुकले होते, चौथा ४३० बरोब्बर आला तेव्हा मी आईला हाक मारून दाखवला, ती म्हणाली, "मग, मी काय सांगत होते."